सुधारलेले यंत्र आणि दुरावलेले गाणे

ज्यांनी आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षे गाणे ऐकण्यात घालविली, ज्यांच्या कानाला सुराची ओळख जन्मभराच्या सहवासाने झालेली आहे, आणि ज्यांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून, अनेक वर्षे मनात बाळगलेली इच्छा पुरी करावी म्हणून, ध्वनिश्रवणाचा एक उत्तम संच घरी आणला, अशा माणसांच्या तोंडून ‘आता गाण्यात पूर्वीसारखे मन रमत नाही’ ही तक्रार ऐकावयास मिळाली की प्रथम ती खरी वाटत नाही. वस्तू अधिक किमतीची, अधिक शुद्ध, अधिक सामर्थ्याची. तिच्यातून निघणाऱ्या ध्वनीत उणे असे काही दाखविता येत नाही. आणि तरीही ऐकणारा मनुष्य दहा मिनिटांत उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. ही तक्रार पुणे-मुंबईकडील संगीतप्रेमी मंडळींत इतक्या ठिकाणी, इतक्या निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांकडून माझ्या कानी आली की, तिचा नीट तपास करावा आणि केवळ म्हातारपणाची कुरकुर म्हणून ती दप्तरदाखल करू नये, असे मला वाटू लागले.

या तपासात मला सर्वांत अधिक शिकविले ते पुण्याच्या एका पेठेत राहणाऱ्या, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. त्यांच्या वडिलांनी जमविलेल्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या, त्यांत बालगंधर्वांची नाट्यपदे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमऱ्या, केसरबाईंचे काही राग, असा संग्रह त्यांच्याकडे आहे. आणि वाडा पाडून त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत राहावयास गेल्यावर त्यांनी जुना लाकडी रेडिओग्रॅम मोडीत काढला व नवा प्लेअर, अँप्लिफायर आणि माणसाच्या छातीइतक्या उंचीचे दोन स्पीकर घेतले. जुन्या यंत्रावर आवाज घोगरा येई, मध्येच घरघर होई, पण खाँसाहेबांचा सूर लागला की आपण खोलीत आहो हे विसरावयास होई. नव्या यंत्रावर सुईची प्रत्येक खरखर, तबकडीवरचा प्रत्येक ओरखडा वेगळा मोजता येतो, मात्र गाणारा मनुष्य कोठे तरी मागे, पडद्याआड उभा असल्यासारखा वाटतो, अशी त्यांची जबानी. त्यांच्या पत्नीने याहून अधिक नेमकी गोष्ट सांगितली. गाणे लागले की यांचा हात आपोआप मांडीवर ठेका धरीत असे. नवे यंत्र आल्यापासून तो हात रिमोटवर असतो, असे त्या म्हणाल्या.

अशा प्रसंगी सहज दिले जाणारे उत्तर असे की, हा सगळा स्मृतीचा खेळ आहे: माणसाला जुने यंत्र आठवत नसून जुने दिवस आठवत असतात, वाडा आठवतो, वडील आठवतात. या उत्तरात सत्याचा अंश नाही असे मी म्हणत नाही. परंतु ते फार लौकर दिले जाते, आणि एकदा दिले की पुढे तपास करण्याची गरज उरत नाही, म्हणून ते मला मान्य नाही. तबकडी, सुई, यंत्र, खोली आणि कान ही पाच एकमेकांशी दीर्घ काळ जुळत आलेली असतात. त्यांतील एक बदलले की उरलेल्या चारांचा हिशेब चुकतो, आणि हा हिशेब बऱ्याच अंशी मोजून दाखविता येतो.

प्रथम सुईचाच विचार करू. जुन्या तबकडीची चर रुंद असते; तिच्यात नीट बसणाऱ्या सुईचे टोक एक इंचाच्या हजारांश भागांच्या हिशेबाने तीन भाग त्रिज्येचे, तर दीर्घवादी (एल.पी.) तबकडीसाठी केलेल्या सुईचे टोक एक भागाचे किंवा त्याहूनही बारीक असते. नव्या प्लेअरबरोबर येणारी सुई ही दुसऱ्या प्रकारची. ती जुन्या चरीच्या दोन्ही भिंतींना टेकून चालण्याऐवजी तळाशी जाऊन पडते, आणि त्या तळाशी काय असते? पिढ्यान्पिढ्यांची धूळ, पोलादी सुयांनी खरवडलेले कण, आणि खुद्द तबकडीच्या द्रव्यातील खडीची भुकटी. लाखेच्या तबकडीत ही भुकटी मुद्दाम मिसळीत असत, कारण दर बाजूला बदलावयाची पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत झिजून चरीच्या आकाराची व्हावी असाच तो बेत होता. ज्या घर्षणावर ती सगळी व्यवस्था उभी होती, तेच घर्षण नवी सुई आपल्या अंगच्या सूक्ष्मतेने निष्ठापूर्वक टिपते आणि दोन भव्य स्पीकरांतून आपल्यापुढे ठेवते. आणखी असे की, या तबकड्यांत ध्वनी कोरलेला असतो तो चरीच्या आडव्या हालचालीत. उभ्या हालचालीत गाण्याचा काहीही अंश नाही, तेथे फक्त खरखर आहे. स्टीरिओ सुई दोन्ही हालचाली वाचते. दोन वाहिन्या एकत्र केल्या तर त्या उभ्या हालचालीचा आवाज परस्परांत विरून जातो. पण पुष्कळशा नव्या अँप्लिफायरवर तशी कळच नसते.

याहून मोठा घोटाळा पुढेच आहे. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-व्यवसायाने एक प्रमाण ठरविले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. तबकडी कोरताना खर्जाकडील ध्वनी कमी करावयाचे, तारेकडील वाढवावयाचे, आणि वाजविताना यंत्राने याच्या नेमके उलट करून समतोल साधावयाचा, असे हे प्रमाण. तबकडीच्या प्लेअरसाठी जोडणी असलेला आजचा प्रत्येक अँप्लिफायर हे उलटे काम मुकाट्याने करीत असतो. पण १९०२ च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रक गाइसबर्गसाहेबाने कलकत्त्यास गायिका गौहरजानचे गाणे मुद्रित केले तेव्हा मायक्रोफोनच नव्हता. कर्ण्यात गावे, पडद्याने थरथरावे, सुईने मेणात कोरावे, एवढीच ती प्रक्रिया. आणि १९२५ नंतर विजेचे मुद्रण सुरू झाल्यावरही प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती. अशा तबकडीवर मुळात न वाढविलेला तारेचा भाग आजचे यंत्र, वाढविलेला समजून, दहा हजार कंपनांपाशी सुमारे १४ डेसिबलांनी कापून टाकते, आणि खर्जात जेथे गाण्याचा मागमूसही नाही तेथली मोटारीची घरघर तितक्याच उदारपणे फुगविते. गाणारा पडद्याआड गेल्यासारखा वाटतो ही कारकूनसाहेबांची तक्रार अक्षरशः खरी होती. यंत्रानेच त्या आवाजावर पडदा टाकला होता. जुन्या रेडिओग्रॅममधील साधी रचना त्याच काळातील तबकड्यांसाठी केलेली असल्यामुळे, तिच्या सगळ्या दोषांसह, त्या आवाजाला अधिक न्याय देत होती.

वेगाचीही अशीच कथा आहे. अठ्ठ्याहत्तर फेरे हा आकडा आपण शिलालेखासारखा मानतो. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीच्या तबकड्या मिनिटाला सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत वाटेल त्या वेगाने कोरल्या गेल्या आहेत. चौऱ्याहत्तर फेऱ्यांनी कोरलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरांनी वाजविली तर आवाज पाच टक्क्यांहून अधिक वर चढतो, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर; आणि केवळ चढत नाही, तर मींड अखूड होते, तान घाईची होते, आवाजातील घनता जाऊन त्याला एक प्रकारचा बालिश पातळपणा येतो. जुन्या यंत्रावर वेग कमीजास्त करण्याची पट्टी असे, आणि घरातील वडीलधारी माणसे, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर बुवांचे प्रत्यक्ष गाणे ऐकलेले असल्यामुळे, ती पट्टी योग्य जागी आणून ठेवीत. नवे यंत्र स्फटिकाच्या नियंत्रणाखाली अठ्ठ्याहत्तर म्हणजे अठ्ठ्याहत्तरच फिरते. चुकीच्या वेगावर इतकी अढळ निष्ठा हे या सुधारणेचे दुर्दैव होय.

आता खोली. शास्त्रीय संगीताची बैठक ज्या दिवाणखान्यात होई तेथे लाकडी तक्तपोशी, जाजम, गाद्या, लोड, आणि मांडीला मांडी लावून बसलेली माणसे असत, आणि हे सगळे मिळून आवाजाची धार शोषून घेत. घरातील श्रवणही अशाच वस्तूंच्या सान्निध्यात होई. आजच्या घरातील खोली म्हणजे सिमेंटच्या चार भिंती, चकचकीत फरशी, काचेचे सरकते दार. त्यातून ती दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तितकीच उंच असेल तर ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. कारण तिन्ही दिशांना एकाच कंपनसंख्येचा, सेकंदाला सुमारे छपन्नचा आणि पुढे त्याच्या दुपटीचा, घुमारा साठतो. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा नाद याच इलाख्यात वावरतात. मोठ्या स्पीकरमध्ये हा इलाखा जागा करण्याची ताकद असते, लहान लाकडी पेटीत ती नव्हती. म्हणून जुन्या यंत्राच्या दुबळेपणाने जी खोली झाकून ठेवली होती ती नव्या यंत्राच्या सामर्थ्याने उघडी पडते, आणि द्रुत लयीत डग्ग्याचा एक ठोका विरावयाच्या आत दुसरा येऊन त्याच्यावर आदळतो.

यावर माणूस काय करतो? आवाज कमी करतो. शेजार आहे, भिंती पातळ आहेत, रात्रीची वेळ आहे, म्हणूनही करतो. आणि येथे कानाचा स्वतःचा कायदा आड येतो. फ्लेचर आणि मन्सन या बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच दाखवून दिले की, आवाज लहान केला की कानाला खर्जाकडील ध्वनी इतर ध्वनींपेक्षा पुष्कळच अधिक प्रमाणात कमी ऐकू येतात. जुन्या रेडिओवर ‘टोन’ नावाची एक कळ होती. ती फिरवून घरातले कोणीही, शास्त्र न जाणता, ही तूट भरून काढी. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या कित्येक महागड्या अँप्लिफायरांनी ती कळ अशुद्ध ठरवून काढून टाकली आहे. मोठ्याने लावावे तर खोली घुमते, हळू लावावे तर ठेक्याचा पाया नाहीसा होतो: या कात्रीत श्रोता सापडतो. आणि त्याच्या वयाचाही विचार केलाच पाहिजे. साठी उलटलेल्या माणसाच्या कानाला अतितार ध्वनी बहुधा ऐकू येतच नाहीत. ज्या वीस हजार कंपनांच्या हमीवर त्याने पैसे मोजले तिचा मोठा हिस्सा त्याच्यापुरता अस्तित्वातच नाही. उलट तीन-चार हजार कंपनांच्या आसपास, जेथे मानवी कान सर्वांत तीक्ष्ण असतो, तेथला करकरीतपणा मात्र त्याला पुरेपूर सोसावा लागतो.

जे लोक तबकड्यांच्या वाटेला न जाता त्याच गाण्यांच्या ‘स्वच्छ केलेल्या’ आवृत्त्या ऐकतात त्यांचेही दुःख निराळे नाही, फक्त त्याचे कारण निराळे आहे, आणि ते समजून घ्यावयाचे तर मिरजेस जावे लागते. मिरजेत पिढ्यान्पिढ्या तंबोरे घडविणारी घराणी आहेत, आणि खाँसाहेब अब्दुल करीम यांची कबरही तेथेच आहे. दरवर्षी उरुसात गवई मंडळी तेथे आपली सेवा रुजू करतात. तंबोऱ्याची जवारी लावणे म्हणजे घोडीची पाठ अतिशय किंचित अशा वक्रतेने घासणे आणि तारेखाली सुताचा धागा सरकवीत सरकवीत ती जागा शोधणे, जेथे एका तारेतून स्वरांची एक सबंध मालिका उमलू लागते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्यास याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा शून्यबिंदू पडतो ते उपस्वर, पाश्चात्त्य शास्त्राच्या मान्य नियमाप्रमाणे, ऐकू येता कामा नयेत. तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचे कारण घोडीची ती घडण होय, असे त्यांनी दाखविले. हे उपस्वर वरच्या पट्टीत असतात, क्षीण असतात, आणि जुन्या तबकडीवर ते नेमके त्याच प्रदेशात राहतात जेथे खरखर राहते. मुद्रण स्वच्छ करणारे आजचे गणित या दोहोंत भेद करू शकेलच असे नाही. फार हावरेपणाने चालविले तर ते खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारीही उचलून नेते, गवयाचा श्वास नेते, अक्षर उच्चारण्यापूर्वीची ओठांची सूक्ष्म चाहूल नेते. उरतो तो निर्वात पोकळीत टांगलेला सूर. अशा आवृत्त्या पुरवणाऱ्यांनी रसिकांवर उपकार केला आहे असे मला म्हणवत नाही. मला थोडी खरखर चालेल, पण सुराभोवतीची हवा हवी आहे.

येथवर सांगितले ते सर्व मोजण्याच्या कक्षेतले झाले. परंतु सुई बदलली, वाहिन्या एकत्र केल्या, पडदे लावले, तरीही ज्यांचे मन परत येत नाही असे श्रोते मला भेटले आहेत, आणि त्यांची व्यथा समजून घेण्यास मला सर्वांत अधिक साहाय्य झाले ते एका हजार वर्षांपूर्वीच्या काश्मिरी पंडिताचे. अभिनवगुप्ताचार्यांनी नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांत साधनांची विकलता आणि स्पष्टतेचा अभाव ही दोन विघ्ने आहेत, आणि नवा संच घेणारा मनुष्य ह्याच दोहोंच्या निवारणासाठी पैसे खर्च करीत असतो, हे न्याय्यच आहे. पण त्याच यादीत अप्रधानता हे एक विघ्न आहे, आणि संशय हे दुसरे. जे गौण आहे ते मुख्याच्या आसनावर जाऊन बसले की रस उत्पन्न होत नाही. आणि जे समोर आहे त्याविषयी चित्त दोलायमान असले तरीही होत नाही. नवे यंत्र पहिली दोन विघ्ने दूर करता करता ही दुसरी दोन घरात आणून सोडते. डावा स्पीकर थोडा मंद आहे काय? ही तार अधिक महागाची असती तर पेटीचा आवाज असा चिरका आला असता काय? दुकानात ऐकला तेव्हा अधिक भरदार वाटला होता तो हाच संच ना? (दुकानात तो थोडा मोठ्याने लावलेला असतो, दोन यंत्रांत एखाद्या डेसिबलाचाही फरक असला तरी मोठ्याने वाजणारे यंत्र कानाला श्रेष्ठ वाटते, हे विक्रीच्या धंद्यातील मंडळींना चांगले ठाऊक असते.) अशा प्रश्नांची सुनावणी मनात चालू असताना मारव्यातील धैवताकडे लक्ष जाणार कसे? श्रोता परीक्षक झालेला असतो, आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसून गाणे ऐकता येत नाही. त्या माउलीने पाहिलेला, मांडीवरून रिमोटवर गेलेला हात हा या विघ्नाचा धडधडीत पुरावा आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या संगीताच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. गदगच्या एका मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ग्रामोफोनवर ऐकली, आणि ती इतकी जिव्हारी लागली की असे गाणे आपल्याला आले पाहिजे या ध्यासाने तो अकराव्या वर्षी घर सोडून गुरूच्या शोधात निघाला; पुढे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे त्याने तालीम घेतली, आणि तो भीमसेन जोशी झाला. त्या काळच्या ग्रामोफोनमधून ध्वनीचा किती तुटपुंजा भाग बाहेर पडत असे हे आज आपण आकड्यांनी सांगू शकतो. सुमारे साडेतीन मिनिटे ती तबकडी वाजली असेल. यावरून यंत्र कसलेही चालते असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. यावरून एवढेच दिसते की, त्या यंत्रातून मुख्य ते मुख्यपणे पोचत होते, आणि ऐकणाऱ्याच्या चित्तात दुसरा कोणताही अर्ज प्रलंबित नव्हता.

पुण्याच्या त्या गृहस्थांकडे, जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या कारागिराच्या मदतीने, आम्ही जी तजवीज केली ती थोडक्यात सांगतो. तीन भागांच्या टोकाची सुई मागविली. दोन वाहिन्या जोडून एक केल्या. जुन्या तबकड्यांसाठी निरनिराळे तोल निवडता येतील असे एक लहान यंत्र प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये बसविले. स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर ओढले, जमिनीवर जाड सतरंजी घातली, मागच्या भिंतीशी पुस्तकांची कपाटे आणली. वेगासाठी उपाय असा केला की, ज्या तबकडीत साथीला पेटी आहे तिचा षड्ज घरच्या पेटीच्या पट्टीशी ताडून पाहावयाचा. तो दोन पट्ट्यांच्या मध्येच कोठे तरी पडला तर वेग चुकला अशी शंका घ्यावयाची. यामुळे गाणारा पडद्यापुढे आला, हे सर्वांनाच कबूल करावे लागले. त्यानंतर कारागिराने जो सल्ला दिला तो मला सर्वांत मोलाचा वाटला: आता पावसाळा संपेपर्यंत यातले काहीही हलवू नका. गृहस्थांनी तो पाळला आहे. गाण्याची गोडी पूर्वीइतकी परतली काय, असे विचारता, काही तबकड्यांची परतली, काहींची नाही, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. बालगंधर्वांची परतली नाही.

या सगळ्यातून माझी एक मागणी आहे, आणि ती यंत्रे विकणाऱ्यांकडे नसून जुने मुद्रण प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांकडे व कंपन्यांकडे आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सुवर्णमुलाम्याची जी तबकडी अंतराळात धाडण्यात आली तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या तबकडीबरोबर सुई व तिचा धारकही धाडला आहे, आणि वेष्टनावर तबकडी किती वेगाने फिरवावी याचे चित्ररूप आज्ञापत्र कोरले आहे, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. अज्ञात श्रोत्यासाठी जी काळजी घेतली गेली ती गोव्यातल्या केरी गावच्या, पुण्याच्या, सांगलीच्या, धारवाडच्या ज्ञात श्रोत्यासाठी घेतली जात नाही. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आपल्या अंकांतून तबकड्यांच्या याद्या व माहिती छापून मोठे कार्य केले आहे. त्याच धर्तीवर प्रत्येक पुनःप्रकाशनाबरोबर मूळ तबकडीचा क्रमांक, वाजविलेला वेग, तो वेग कोणत्या आधाराने ठरविला, गायकाची पट्टी, वापरलेली सुई, आणि खरखर काढली असल्यास न काढलेली प्रतही, एवढे दिलेच पाहिजे. गायकांच्या पट्टीची माहिती तर ताबडतोब गोळा करावयास हवी. त्यांचे गाणे समक्ष ऐकलेली, तंबोऱ्यावर साथीला बसलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत, आणि त्यांच्याकडे जाऊन, तबकडी वाजवून, वेगाची पट्टी त्यांच्या हाती द्यावयाची आहे.